रोपं नऊ, पण कुंड्या किती?

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आभार मानायचे आहेत ते तुमच्या एका प्रश्नाचे. आविष्कार या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेच्या पोस्टरचा मसुदा टेबलावर होता. मुगाच्या दोन जाती, मिठाच्या पाण्याचे तीन स्तर, असे रोपांच्या सरासरी उंचीचे सहा स्तंभ. तुम्ही रंगांबद्दल काही बोलला नाहीत, फॉन्टबद्दल काही बोलला नाहीत. पेन्सिलीचं टोक पहिल्या स्तंभावर टेकवलंत आणि म्हणालात, "रोपं नऊ, ठीक आहे. कुंड्या किती?"

कुंड्या तीन, प्रत्येकीत तीन रोपं. "मग एन तीनच," असं म्हणून तुम्ही एनचा, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येचा, आकडा खोडून कडेला नवा लिहिलात. मिठाचं पाणी कुंडीला घातलं जातं, एकेका रोपाला नव्हे. एका कुंडीतल्या रोपांची माती एक, ऊन एक, पाणी एक. त्यांना नऊ स्वतंत्र साक्षीदार मानलं की एरर बार, म्हणजे स्तंभावरची अनिश्चितता दाखवणारी उभी दांडी, आखडतो आणि नसलेली खात्री दिसू लागते.

याआधी हे कुणीच विचारलं नव्हतं, पैसे घेऊन काम करणाऱ्यानेही नाही. चार्टमागे दर लावणाऱ्या त्या गृहस्थांनी एक्सेलच्या यादीतून 'स्टँडर्ड एरर' निवडलं आणि फाइल परत केली. तो पर्याय कच्च्या मोजमापांकडे बघतच नाही. सीरिजमध्ये काढलेल्या स्तंभांच्या उंचीवरून तो एक आकडा काढतो आणि तोच सगळ्यांना चिकटवतो. एका जातीच्या तिन्ही स्तंभांवर एकाच मापाच्या दांड्या दिसल्या की समजावं, काय झालंय ते. एक्सेलमध्येच करायचं असेल तर 'कस्टम' उघडून, स्वतः काढलेल्या आकड्यांची रेंज अधिक आणि उणे अशा दोन्ही चौकटींत द्यावी लागते. एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) म्हणजे मोजमापांचा विखुरलेपणा, एसई (स्टँडर्ड एरर) म्हणजे सरासरीतली अनिश्चितता. दुसऱ्या एका जाणकारांचा सल्ला तर ऐकण्यासारखा होता: "एसडी नको, दांडी मोठी दिसते. एसई टाका, पोस्टर स्वच्छ दिसतं." म्हणजे उंची मोजायची मुगाची आणि दांडी ठरवायची दिसण्यावरून!

तुम्ही कागदावर मांडलेला हिशोब इथे जसाच्या तसा देतो, कारण तो बऱ्याच जणांच्या कामाचा आहे. सरासरी 18 सेंमी, नऊ रोपांचं एसडी 3. एसई म्हणजे एसडी भागिले एनचं वर्गमूळ, म्हणून 1. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसाठी (खरी सरासरी जिथे असावी ती कक्षा) एसईला टी-कोष्टकातल्या आकड्याने गुणायचं; 8 स्वातंत्र्यमात्रांचा (एन उणे एक) आकडा 2.306, म्हणून दांडी वरखाली 2.3. आता प्रत्येक कुंडीची सरासरी घ्या. तीन सरासरींचं एसडी 2.4, एसई 1.39, आणि 2 स्वातंत्र्यमात्रांचा टी 4.303. दांडी झाली वरखाली 6. रोपं तीच, पट्टी तीच, अडीचपटीहून जास्त फरक. इथे सवयीने मोठ्या नमुन्यासाठीच्या 1.96 ने गुणणारे पुष्कळ भेटतात. लहान नमुन्यावर ते चालत नाही, हे गॉसेटने 'स्टुडंट' या नावाने 1908 मध्येच दाखवून दिलं आहे.

मग आर, म्हणजे आकडेमोडीची संगणकभाषा, उघडलंत. लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. आधी ग्रुप-बाय आणि समराइज, म्हणजे गट पाडून प्रत्येकाचा सारांश काढणाऱ्या आज्ञा. तिथला सापळा असा: उंचीच्या सरासरीला पुन्हा 'उंची' हेच नाव दिलं आणि पुढच्याच ओळीत उंचीचं एसडी मागितलं, तर डीप्लायर (या आज्ञांचं पॅकेज) नवी, एकाच आकड्याची उंची उचलतो. एका आकड्याचं एसडी एनए (उत्तर नाही), आणि एरर बार गायब. सरासरीला वेगळं नाव द्या, प्रश्न मिटला. गळालेल्या नोंदी असतील तर एन-ए-आर-एम ट्रू करून, म्हणजे रिकाम्या नोंदी वगळायला सांगून, भागत नाही. एन मोजताना लेंग्थ वापरलं की रिकाम्या जागाही मोजल्या जातात आणि एसई फुकट लहान होतो.

चित्रासाठी आरचं जीजीप्लॉट: त्यात स्तंभांसाठी जिऑम-कॉल आणि त्यावर दांड्यांसाठी जिऑम-एररबार, दांडीच्या टोकावरच्या आडव्या टोपीची रुंदी 0.2. दोन जाती शेजारी-शेजारी असल्याने बाजूला सरकवणारं पोझिशन-डॉज स्तंभ आणि दांडी दोघांनाही द्यायचं आणि दोन्हीकडे विड्थ 0.9. नुसतं 'डॉज' लिहिलं तर एरर बार आपल्या 0.2 रुंदीनेच सरकतात आणि जोडीच्या मध्यावर गर्दी करतात. जातीप्रमाणे रंग देणारं फिल फक्त जिऑम-कॉलच्या आत लिहिलं तर एरर बार सरकतच नाहीत. वायलिम (उभ्या अक्षाची मर्यादा) लावून अक्ष कापला आणि एखाद्या दांडीचं टोक बाहेर गेलं, तर ती अख्खी दांडी उडते, मागे फक्त एक वॉर्निंग उरते. काही न उडवता अक्ष आवरायचा तर को-ऑर्ड-कार्टेशियन.

पायथनवाल्यांसाठी तुम्ही जाता जाता सांगितलेलंही लिहून टाकतो. नमपाय या लायब्ररीचं एसटीडी (एसडी काढणारं फंक्शन) डीफॉल्टला एनने भागतं, पांडाज या लायब्ररीचं एन उणे एकने. तीन आकड्यांवर नमपायचं उत्तर सुमारे 18 टक्के लहान येतं. चित्रं काढणाऱ्या सीबॉर्नचा बारप्लॉट काही न सांगता बूटस्ट्रॅपचा, म्हणजे त्याच आकड्यांतून पुनःपुन्हा उचलून काढलेला, 95 टक्के इंटरव्हल काढतो. पण तीन आकड्यांतून परत टाकून तीन उचलले तर वेगळे संच फक्त 10 बनतात. त्यावर कसला भरवसा ठेवायचा?

आणि शेवटी पेन्सिलीने प्रत्येक स्तंभावर तीन टिंबं काढलीत. तीनच कुंड्या आहेत तर तिन्ही दाखवा, लपवायचं काय? जिटर (टिंबं थोडी विखुरणं) लावताना हाइट शून्य ठेवा, नाहीतर टिंबं वरखाली सरकून उंचीच बदलते; डॉज असेल तर जिटर-डॉज. चित्राखाली लिहायची ओळही तुमचीच: 'स्तंभ: कुंड्यांची सरासरी. दांडी: 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. एन बरोबर 3 कुंड्या.' ही ओळ नसली तर दांडी एसडीची, एसईची की इंटरव्हलची, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

दांड्या लांबल्यावर दोन जातींतला फरक पूर्वीसारखा ठसठशीत राहिला नाही. दोन दांड्या एकमेकींवर चढल्या म्हणून 'फरक नाही' असंही लिहायचं नाही, फरकाचा वेगळा इंटरव्हल काढायचा, हे तुम्ही तेव्हाच बजावलंत. कुणाचंही मन मोडणारी बातमी तुम्ही आवाज न चढवता दिलीत. स्वतः दुसऱ्या कॉलेजच्या, आमच्या यादीत ना गाइड ना परीक्षक. मेगाब्लॉकच्या रविवारी हार्बर लाइनवरून आलात आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. हुशार माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील. परक्याच्या पोरांचा एन तपासणारी किती असतील?

पोस्टरच्या ऋणनिर्देशात नाव घालू का, असं विचारलं तर "पुढच्या वर्षी कुंड्या सहा करा, तेवढं पुरे," म्हणालात. सहा केल्या तर टी 2.571 वर येतो. कुंड्यांची ऑर्डर दिली आहे, आणि या वेळी एका कुंडीत एकच रोप.

आपले नम्र,
वनस्पतिशास्त्र प्रकल्प गट, मुंबई