खासदारांची महागाई आम्हालाही लावा: श्रममंत्र्यांना बेळगावहून खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी जिवंत आहे, एवढं कळवण्यासाठी आधी हे पत्र.

पीएफची पेन्शन चालू राहावी म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. यंत्रावर उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल दिवा. मग दहाही बोटं झाली. काउंटरवरचा पोरगा भला होता. त्यानं ओल्या फडक्यानं माझी बोटं पुसली, पुन्हा दाबून बघितली आणि शेवटी म्हणाला, "आजोबा, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत हो." कुठून असणार? 19 वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर होतो. वाळू चेपून साचे करण्यात रेघा गेल्या. मग त्यानं मोबाइल तोंडासमोर धरला. "डोळे मिचकावा." मिचकावले. "एकदम नको, सावकाश." सावकाश मिचकावले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याचा दोष असेल किंवा फोनचा. पण यंत्र आणि फोन, दोघांपैकी कुणीच मला ओळखलं नाही. तेव्हापासून दोन महिने पेन्शन बंद आहे.

बंद पडलेली रक्कम किती? महिन्याला 1,520 रुपये. ती कशी आली तेही सांगतो, कारण तुमच्या खात्याचंच सूत्र आहे. शेवटच्या वर्षांची पगाराची सरासरी 5,600, गुणिले नोकरीची 19 वर्षं, भागिले 70. वीस वर्षं भरली असती तर नियमाप्रमाणे दोन वर्षं वरून मिळाली असती आणि पेन्शन 1,760 झाली असती. खरं तर मी वीस वर्षं भरली होती. पण पहिल्या वर्षी कारखान्यानं मला कंत्राटी दाखवलं, पीएफ कापलाच नाही. तेव्हा कोण विचारतो? मी विणकामाच्या मागावरून आलो होतो. खासबागेत दिवसाला मीटरवर पैसे मिळायचे, तिथं पीएफ हा शब्दच नव्हता. फौंड्रीत आलो तेव्हा आपण सुटलो असं वाटलं होतं.

आता घरातली गंमत ऐका. माझ्या बायकोला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला 2,000 रुपये मंजूर आहेत. ते वेळेवर येतातच असं नाही, पण आले की ती शेजारणींसमोर म्हणते, "माझा पगार ह्यांच्यापेक्षा जास्त." एसटीतही ती फुकट, तिकीट माझंच. (आमच्यात कर्नाटकच्या गाडीलाही एसटीच म्हणतात.) तिला मिळतं त्याचं मला दुःख नाही, तिनं चुलीपुढं काढलेल्या वर्षांचा हिशेब कुणी केलाय? पण ज्या माणसाच्या नावानं मालकानं दर महिन्याला पेन्शन फंडात पैसे भरले, त्याला सरकारी मदतीपेक्षाही कमी मिळावं, हे कसलं गणित?

तुम्ही म्हणाल, किमान पेन्शनची हमी आहे. आहे ना! 1,000 रुपये, 1 सप्टेंबर 2014 पासून. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान 3,000 करा असं सांगितलं होतं. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. ते पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, राजीनामा देऊन निवृत्तही झाले. त्यांचा अहवाल मात्र अजून दिल्लीत नोकरीलाच असावा. दर अधिवेशनात कुणीतरी खासदार प्रश्न विचारतो, दर वेळी तेच लेखी उत्तर येतं: फंडात तूट आहे. माझ्या घरातही तूट आहे. सिलिंडर साडेआठशेच्या वर गेलाय, बीपी आणि साखरेच्या गोळ्यांना महिन्याला नऊशे लागतात. झाली पेन्शन. उरलेल्या महिन्याला काय खायचं, हा प्रश्न मी कुठल्या अधिवेशनात मांडू?

मार्च 2025 मध्ये खासदारांचा पगार 1 लाखावरून 1 लाख 24 हजार झाला. माजी खासदारांची पेन्शन 25,000 वरून 31,000. पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं, त्या प्रत्येक वर्षामागं महिन्याला आणखी 2,500. आणि ही वाढ कधीपासून? 1 एप्रिल 2023 पासून, म्हणजे मागच्या तारखेनं. कारण काय, तर महागाई निर्देशांक. 2018 सालीच कायदा करून पगार त्याला बांधून घेतलाय, म्हणजे पुन्हा पुन्हा मागायची लाज नको. हुशारी आहे! दिल्लीतल्या बाजारात महागाई असते, बेळगावच्या रविवार पेठेत नसते, असं तुमचं म्हणणं दिसतं.

खर्चावर संसदेत चर्चा होते म्हणतात. मी टीव्ही बघतो, दुसरं काम काय? 23 मार्च 2023 ला लोकसभेनं सुमारे 45 लाख कोटींचा खर्च गदारोळात, एका ओळीची चर्चा न करता, काही मिनिटांत मंजूर केला. आम्ही मंडळाच्या गणपतीचा हिशेब रात्री बारापर्यंत भांडतो. नारळ किती आले, उरले किती! परराष्ट्र आणि युद्धाच्या गोष्टींना मात्र वेळ असतो. ऑपरेशन सिंदूरवर जुलै 2025 मध्ये लोकसभेत 16 तास ठेवले होते. ठेवावेत, माझा पुतण्या फौजेत आहे. 2025-26 च्या बजेटमध्ये भूतानला 2,150 कोटी, मालदीवला 600 कोटी. द्या, शेजारधर्म आहे. पण परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त टीव्हीवरची मिठी नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, आणि माझा थोरला मच्छे गावातल्या ज्या फौंड्रीत आहे तिथला ओव्हरटाइम त्याच महिन्यात बंद झाला. वॉशिंग्टनला कुणीतरी सही करतो आणि आमच्या डब्यातली अंडी कमी होतात. यावर 16 तास कुणी दिले?

तक्रार करायची तरी कुठं? पीएफचं म्हणावं तर दिल्ली. राज्याचं म्हणावं तर बंगळूर. दरवर्षी हिवाळ्यात सगळं बंगळूर आमच्या दारात येतं, सुवर्ण विधानसौधात बसतं. बाहेर शेतकरी, शिक्षक, अंगणवाडीवाल्या थंडीत मांडव घालून बसतात, आत दहा दिवस एकमेकांना पाडायचं चालतं. मराठी माणसानं अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मेळावा घ्यायचा म्हटलं तर परवानगी नाही. मुंबईकडं बघावं, तर तिथं आमच्या सीमाप्रश्नाला समन्वय मंत्री आहेत, ठराव आहेत, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. 1956 पासून आम्ही एका फायलीत आहोत, 2014 पासून मी दुसऱ्या. दोन्ही फायली एकाच कपाटात असाव्यात असा मला संशय आहे.

मागणी छोटी आहे. संघटनावाले 7,500 आणि वर महागाई भत्ता मागतात, त्यांना माझा पाठिंबा आहे, मोर्चातही जातो. पण तेवढं जमत नसेल तर निदान खासदारांचा निर्देशांक आम्हाला लावा. तोच, जसाच्या तसा, मागच्या तारखेनं. 1,520 वर 24 टक्के म्हणजे 364 रुपये 80 पैसे. 2024 च्या आकड्यानुसार देशात असे सुमारे 78 लाख पेन्शनर होते. सगळ्यांना माझ्याएवढंच धरलं तर नातवानं फोनवर हिशेब काढला: वर्षाला सुमारे 3,400 कोटी. 2025-26 च्या साडेपन्नास लाख कोटींच्या बजेटमध्ये हजार रुपयांमागं 67 पैसे. 67 पैशांसाठी सरकार बुडणार असेल तर तसं सभागृहात उभं राहून सांगा, मी टीव्हीसमोर बसून ऐकतो.

आणि त्याआधी, ज्यांची बोटं कामात झिजली त्यांच्यासाठी कागदावरचा दाखला सरळ घ्यायचा आदेश काढा. सही मला करता येते. खाली केली आहे.

आपला,
एक निवृत्त मोल्डर,
बेळगाव (तुमच्या कागदात बेळगावी)

ता. क. उत्तर मराठीत आलं तर बरं. कन्नड वाचतो, हिंदी चालवून घेतो. मागच्या अर्जाचं उत्तर इंग्रजीत आलं होतं. नातवानं वाचून दाखवलं: अर्ज योग्य त्या विभागाकडं पाठवला आहे. कुठला विभाग, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.