शनिवारी ट्रायफन चढतेय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज भरून आला की मला पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. शनिवारी आम्ही चौघं वेल्समधल्या ट्रायफन डोंगरावर जातोय. ठरलंय, खोलीचे पैसेही भरलेत. गणपतीला आले नाही आणि डोंगराला बरा वेळ मिळतो, असं मनात आणू नकोस गं. ही नुसती शनिवार-रविवारची सुट्टी आहे. मोठी रजा मी फेब्रुवारीत घरी यायला राखून ठेवलीय.

बाबा, उंची म्हणाल तर ९१७ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी जास्त. पण हा नुसता खडक आहे, हात लावल्याशिवाय माथा गाठताच येत नाही. ओग्वेन तळ्याकाठच्या रस्त्यापासून उत्तरेची धार थेट वर चढते. राखाडी, खरखरीत दगड, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा. म्हणजे सह्याद्रीच्याही कितीतरी आधीचा! १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या लोकांनी याच भागात सराव केला होता. शेजारच्या कूम इडवाल दरीतून हा डोंगर पाहिला तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

माथ्यावर ॲडम आणि ईव्ह नावाच्या दोन उभ्या शिळा आहेत, माणसाहून उंच. लोक एकीवरून दुसरीवर उडी मारतात. मी मारणार नाही. आई, तुझी शपथ.

आमच्यातल्या एकीला ही वाट पाठ आहे. हेल्मेट आहे, नकाशा आहे, पाऊस-धुकं दिसलं तर चढणारच नाही. थर्मासात आल्याचा चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, लोकरीचे मोजे दोन जोड. उपाशी आणि गारठलेली राहणार नाही.

राजमाचीच्या वाटेवर मी घाबरून बसले होते, तेव्हा बाबा खाली उभे राहून म्हणत होते, "तीन ठिकाणी घट्ट धर, मग चौथं हलव." आणि आई, तू पदर ओला करून माझा गुडघा पुसला होतास. अजूनही कड्यावर हात टाकला की तेच आठवतं.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, विसरलो म्हणून रात्री दोन नाहीत. आई, माळ्यावरचे डबे तू काढायचे नाहीत, स्टुलावर चढायचंच नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ सोमवारी अकराची आहे, रिक्षाने जा. शनिवारी उतरल्यावर मी लगेच मेसेज करीन, पण तेव्हा तुमच्याकडे रात्र झाली असेल. जागत बसू नका.

तुमची,
मनू