यादीतून गेलेले नाव

प्रिय मधुकर,

सप्रेम नमस्कार. येथे सर्व ठीक. गुडघ्याची औषधे चालू आहेत. बरेच दिवस पत्र नाही याची रुखरुख होतीच, पण ‘आपला फंड कंपनीतून बाहेर पडला, मीही या महिन्यात तिचे सगळे शेअर विकतो’ हा तुझा निरोप आल्यापासून मला चैन नाही.

कंपनीचा जूनअखेरचा भागधारणेचा तक्ता, म्हणजे कोणाकडे तिचे किती शेअर आहेत ती यादी, मीही उघडून पाहिला. फंडाचे नाव त्यात नाही, हे खरे. पण त्या यादीत १ टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांचीच नावे देतात. मार्चअखेर फंडाकडे १२ लाख शेअर होते आणि कंपनीचे एकूण शेअर साडेअकरा कोटी, म्हणजे हिस्सा १.०४ टक्के. त्यानंतर कंपनीने क्यूआयपी करून, म्हणजे फक्त बड्या गुंतवणूकदार संस्थांना शेअर विकून, १ कोटी नवे शेअर दिले. आता तेच १२ लाख शेअर साडेबारा कोटींमध्ये ०.९६ टक्के भरतात. एकही शेअर न विकता नाव गेले! महिना संपल्यावर दहा दिवसांत फंडांना आपली गुंतवणूक जाहीर करावी लागते. ती यादीही मी ताडून पाहिली. आकडा १२ लाखच आहे.

‘मोठ्यांना आधी कळते’ यावरून आपण किती भांडलो आहोत! (वहिनींनी तेव्हा तुझी बाजू घेतली, हे माझ्या लक्षात आहे.) माझे म्हणणे आजही तेच आहे. इंडेक्स फंड शेअर घेतो तो निर्देशांकात आहे म्हणून, आणि गुंतवणूकदार पैसे काढू लागले की चांगला शेअरही फंडाला विकावा लागतो. त्यात कंपनीविषयीचे मत कुठे आले? शिवाय हा तक्ता तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा असतो आणि कंपनीला तो द्यायला २१ दिवसांची मुदत असते. तू ज्या अमेरिकी १३-एफ यादीचा (तिथल्या बड्या गुंतवणूकदारांच्या शेअरांची तिमाही यादी) हवाला देतोस, तिला तर ४५ दिवस मिळतात, आणि शॉर्ट सौदे, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने केलेले सौदे, तिच्यात दिसतच नाहीत.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्याच तक्त्यात वरच्या बाजूला प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, रकाना आहे आणि त्यांनी कर्जासाठी तारण ठेवलेल्या शेअरांचे प्रमाण मार्चपेक्षा वाढले आहे. भाव पडला, तर सावकार तेच शेअर बाजारात विकू शकतो. नव्या शेअरांतून आलेला पैसा कर्ज फेडायला गेला की कारखान्याला, हेही मला अजून नीट समजलेले नाही. विकायचेच असेल, तर या दोन गोष्टी पाहून वीक. फंड गेला म्हणून विकू नकोस, कारण तो गेलेलाच नाही.

अश्विनीच्या निकालाचे फार समाधान वाटले, तिला आशीर्वाद. तुझ्या बदलीचे काय झाले, तेही कळव.

विकण्याआधी फोन मात्र कर. तोवर मी तारणाचे मागच्या चार तिमाहींचे आकडे काढून ठेवतो.

तुझा,
सदानंद