बाबांच्या स्टेंट-ग्राफ्टची वार्षिक तपासणी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पोट दुखत नाही, चालताना दम लागत नाही, मग यंदा तपासणीला पुण्याला कशाला यायचे, असे तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, फुगलेला भाग डॉक्टरांनी काढून टाकलेला नाही. जांघेतल्या धमनीतून आत नेलेली कापडी नळी, म्हणजेच स्टेंट-ग्राफ्ट, त्या फुगवट्याच्या आतून बसवली आहे आणि रक्त आता तिच्यातून वाहते. फुगवटा मात्र जागच्या जागी आहे. नळी किंचित सरकली, तिचे टोक धमनीच्या भिंतीपासून सुटले, किंवा बाजूच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटे आत झिरपत राहिले, तर फुगवट्यावर पुन्हा दाब येऊ शकतो, आणि हे सगळे होत असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ या काळात निवडलेल्या याच आजाराच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मी वाचले. सुरुवातीच्या महिन्यांत नळी बसवलेल्यांमध्ये मृत्यू कमी होते. परंतु आठ वर्षांनंतर, मुख्यतः फुगवटा फुटल्यामुळे, पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा त्यांच्यातच या आजाराचे मृत्यू अधिक झाले. त्या नळ्या जुन्या बनावटीच्या होत्या, हे खरे. तुमच्या फुप्फुसांची अवस्था पाहता आपण घेतलेला निर्णय मला आजही योग्यच वाटतो, मात्र त्या निर्णयाबरोबर जन्मभराची देखरेख आलीच.

गेल्या रिपोर्टात फुगवट्याचा व्यास ५८ मिलिमीटरवरून ५१ वर आल्याची नोंद आहे. हे फार चांगले लक्षण आहे, पण तो तसाच राहिला आहे ना, हे सोनोग्राफीवाचून कळणार नाही. व्यास वाढलेला दिसला तर सीटी अँजिओग्राफीचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन काढण्याचा, विचार होईल. तिच्यातले औषध किडनीला जड जाऊ शकते, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचे काम कळते) आधी तपासून घेऊ.

आई, जुलाब झाले की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून बाबांना देणे कृपा करून बंद कर. महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना, दुसरा इलाज असेल तर, या गटातली औषधे देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका, कारण अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोकाही मोठा असतो. पाय अचानक गार पडला किंवा पोटात, कमरेत जोराची कळ आली, तर माझ्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

काकांनाही सोबत आणा. सख्ख्या भावाला हा आजार असल्याने आणि त्यांची विडी अजून सुटलेली नसल्याने त्यांच्या पोटाची एकदा सोनोग्राफी व्हायलाच हवी. येताना जुनी सीडी आणि सगळे रिपोर्ट घ्या. सकाळी उपाशीपोटी यावे लागेल, म्हणून आदल्या रात्री मुक्कामालाच या.

तुमची लेक