आवाहन : वाचनालयाच्या इमारतीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी!

सर्व आजी-माजी सभासद, वाचक, नाट्यविभागाचे कलाकार, संगीतवर्गाचे पालक आणि पोटापाण्यासाठी परगावी गेलेल्या म्हापसेकरांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र घाईत लिहीत आहे. लोखंडी जिन्याचा दर महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवतो असे फॅब्रिकेटरने बजावले आहे, आणि पावसाच्या आत काम उरकले नाही तर ते थेट चतुर्थीनंतर जाईल.

मागण्याआधी ज्यांनी दिले त्यांची आठवण काढणे ही आपल्या संस्थेची रीत. पोर्तुगीज अमदानीत कंदिलाच्या उजेडात पुस्तके वाटली जात, त्या खोलीचे भाडे बाजारातल्या एका कापडदुकानदाराने कधी घेतले नाही. पुढे त्यांच्याच सूनबाईंनी सागवानी कपाटे दिली. आजही त्यांचे दार उघडले की कापराचा वास येतो. गिरगावात बिऱ्हाड असलेले आपले एक मुंबईकर दर चतुर्थीला गावी येताना सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन येत, पहिल्या पानावर तारीख आणि सही. रंगमंचाचा मखमली पडदा शिवून देणाऱ्या शिंपीमामांनी शिलाई तर घेतली नाहीच, वर तालमीला आलेल्या पोरांना चहा पाजला. आणि मे २०२१ मधले तौक्ते वादळ कोण विसरेल? संचारबंदीचे दिवस, अर्ध्या छपराची मंगळुरी कौले उडालेली. तशात नाट्यविभागाच्या मुलांनी पुस्तके हातोहात खाली उतरवली, खोर्लीपासून दत्तवाडीपर्यंत घराघरांत ती पंख्याखाली वाळत पडली होती, आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मुदत ठेव मोडून कौलांचे पैसे दिले. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. त्यांना नमस्कार.

हे सगळे अभिमानाने सांगतो, म्हणूनच पुढचे सांगताना थोडे जड जाते. गेल्या वर्षी नवा ध्वनिक्षेपक घ्यायचा म्हटल्यावर आठवड्यात पैसे जमले. इमारतीच्या अग्निसुरक्षेसाठी बोलावलेल्या सभेला मात्र कार्यकारी मंडळ सोडून चौघे आले. त्यांतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘‘इतकी वर्षे काही झाले नाही, आताच काय होणार?’’ पुढच्या महिन्यात पाठवलेल्या पत्राला बहुतेकांनी उत्तरही दिले नाही. असो.

त्यानंतर ६ डिसेंबर २०२५ ची मध्यरात्र आली. हडफडे आपल्यापासून किती लांब? तिथल्या नाइट क्लबच्या आगीत २५ माणसे गेली. त्यांतले बहुतेक तळाच्या स्वयंपाकघरात राबणारे कामगार, आणि बहुतेकांचा जीव घेतला तो धुराने. बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या, रस्ता इतका अरुंद की बंब दूरवरच थांबवावे लागले. क्लब वेगळा आणि वाचनालय वेगळे हे मान्य. पण दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी भर दुपारच्या खेळाला ५९ जण दगावले. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या घालून जायची वाट अडवलेली होती आणि दारे बंद होती. खुर्च्यांचा हा तपशील वाचून आमच्यापैकी काहीजण एकमेकांकडे पाहत राहिलो.

कारण आपली इमारत तुम्हाला ठाऊक आहे. चिऱ्याच्या भिंती, लाकडी माळा. तळमजल्यावर वर्तमानपत्रे आणि देवघेव, वर सभागृह आणि संदर्भ विभाग, माळ्यावर नेपथ्याचे रंगवलेले फ्लॅट, जुने पडदे, कपड्यांच्या ट्रंका आणि थर्माकोलचे मखर. उतरायला एकच लाकडी जिना आणि त्याच्या पायथ्याशी आत उघडणारे दार. मागच्या बाजूला दार आहे, पण त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. खिडक्यांना पंखे चोरीला गेल्यापासून पक्क्या जाळ्या. वार्षिक नाटकाला या सभागृहात पाय ठेवायला जागा नसते.

अग्निशामक दलातून निवृत्त झालेले आपले एक सभासद जानेवारीत मुद्दाम येऊन सगळी इमारत फिरले. एक पैसा घेतला नाही. संध्याकाळी तालमीच्या वेळी त्यांनी कोणाला न सांगता मेन स्विच पाडला आणि म्हणाले, ‘‘आता सगळे खाली या.’’ मोबाइलचा उजेड करायचा नाही अशी अट. जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे रोज चढणाऱ्यांनाही त्या दिवशी कळले. पुढची मुले दाराशी पोचली, मागच्यांचा रेटा आला, आणि आत उघडणारे दार कोणाला ओढताच येईना. धूर नव्हता, घाबरायचे कारण नव्हते, तरी ही गत. मग त्यांनी भिंतीवरचा सिलिंडर पाहिला. दाबाचा काटा लाल पट्ट्यात. काही बोलले नाहीत, खडूने त्यावर फुली मारली.

त्यांच्याच सल्ल्याने मंडळाने आराखडा ठरवला आहे. सभागृहाच्या मागच्या भिंतीत नवे दार आणि तिथून खाली लोखंडी जिना, हे मोठे काम. तो जिना जिथे उतरतो ती जागा शेजारच्या घराच्या भाटात, म्हणजे बागायतीत, येते. तिथल्या वहिनींनी कुंपणात फाटक बसवायला लेखी संमती दिली, भाडे नको म्हणाल्या, फक्त फणसाला हात लावू नका एवढेच. मंडळ त्यांचे आजन्म ऋणी आहे. दोन्ही जिन्यांची दारे बाहेरच्या बाजूला उघडतील आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत त्यांना कुलूप नसेल. चोरीची भीती ज्यांना वाटते त्यांनी आतून दाबताच उघडणाऱ्या कडीचा नमुना कार्यालयात पाहावा. निदान दोन खिडक्यांच्या जाळ्या बिजागरीवर येतील. कुठूनही १५ मीटरच्या आत हाताशी येतील असे सिलिंडर, विजेच्या पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा वेगळा, वीज गेली तरी पेटणारे दिवे, अंधारात दिसणारे बाण. माळ्यावरचे मखर आणि फ्लॅट बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातील. संदर्भ विभाग तळमजल्यावर येईल, म्हणजे गुडघ्यांनी त्रस्त ज्येष्ठांना जिना चढावाच लागणार नाही. यावर कुरकुर झाली आहे, ती ऐकून घेऊनही मंडळ ठाम आहे.

प्रत्येक मजल्यावर नकाशा लागेल : तुम्ही कुठे उभे आहात, जवळची वाट कोणती, ती धुराने भरली तर दुसरी कोणती. पाट्या मराठीत की कोंकणीत हा वाद कृपया इथे नको, बाण सगळ्यांना कळतो. कामेही वाटून दिली आहेत. ग्रंथपाल मेन स्विच पाडतील आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावतील. संगीतवर्गाच्या बाई हजेरीपट घेऊनच उतरतील. नाट्यविभागप्रमुख सर्वांत शेवटी, स्वच्छतागृह पाहून. एकजण गल्लीच्या तोंडाशी धावेल, कारण शुक्रवारच्या बाजारात बंबाला वाट करून देणारा माणूस लागतोच. सगळ्यांनी पिंपळाच्या पारापाशी जमायचे, मोजणी होईपर्यंत कोणी घरी जायचे नाही, आणि चप्पल, बॅग, पेटी यांसाठी कोणीही परत आत शिरायचे नाही. पेटीचे मुद्दाम लिहिले, आमचे पेटीवाले ओळखून आहोत.

अंदाजे खर्च ४ लाख ८० हजार, त्यातला जिना, दारे व फाटक मिळून ३ लाख १० हजार, उरलेले दिवे, सिलिंडर, वायरिंग, शेड व पाट्या. हाती १ लाख ३५ हजार. देणगी रोख, धनादेश वा खात्यात थेट, खात्याचा तपशील सूचना फलकावर व कार्यालयात, सायं. ५ ते ७.३०, सोमवारी बंद. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. पैसे शक्य नसतील तर सुतारकाम, वेल्डिंग, रंगकाम, माळा रिकामा करायला दोन हात, पत्रे, टेम्पो, काहीही चालेल. माळा रविवारी सकाळी ९ पासून रिकामा करणार आहोत, धुळीची ॲलर्जी असणाऱ्यांनी येऊ नये.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच दिवशी मुंबई बंदरातील स्फोटानंतर आग विझवताना अग्निशामक दलाचे जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या संध्याकाळी ६ वाजता आपल्या इमारतीत पहिला सराव होईल, नवा जिना झालेला असो वा नसो. दरवर्षी नाटकाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या सर्वांची आम्ही त्या दिवशीही वाट पाहू.

आपला नम्र,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. : गेल्या चतुर्थीला मखरासाठी नेलेली संस्थेची शिडी ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारच्या आत आणून द्यावी. माळा रिकामा करायला तीच लागणार आहे.