मैल म्हणजे नेमका किती?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अलीकडे आलेल्या एका बातमीत, किनारा लाभलेल्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची (म्हणजे ज्या समुद्रातील मासे, खनिजे यांवर त्या देशाचाच हक्क असतो त्या पट्ट्याची) मर्यादा ‘२०० मैल, म्हणजेच ३२२ किलोमीटर’ अशी दिली होती. गुणाकार बरोबर आहे, पण मैल भलताच धरला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात ही मर्यादा सागरी मैलांत सांगितली आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि रस्त्यावरचा मैल साधारण १,६०९ मीटरचा. त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात ३७० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते आणि बातमीतल्या आकड्यात ४८ किलोमीटर रुंदीचा समुद्राचा पट्टा गडप झालेला असतो. ही चूक इतर वृत्तपत्रांतही वरचेवर दिसते, म्हणून या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

इंग्रजीतील ‘माइल’ हा शब्द लॅटिनमधील ‘हजार’ या अर्थाच्या ‘मिल्ले’ या शब्दापासून आला आहे. मिलियन, मिलेनियम आणि मिलिमीटर ही सगळी त्याचीच भावंडे. रोमन लोक या अंतराला ‘हजार पावले’ म्हणत, पण हे पाऊल आपण समजतो ते नव्हे. उजवा पाय जमिनीवरून उचलला, मध्ये डावा पडला आणि उजवा पुन्हा टेकला की रोमनांचे एक ‘पासूस’ पूर्ण होई, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन पावले. हे पासूस पाच रोमन फुटांचे धरलेले असल्यामुळे मैल ५,००० रोमन फुटांचा, आजच्या मापाने सुमारे १,४८० मीटरचा झाला. ‘हजार पावले’ असे शब्दशः भाषांतर वाचून ज्यांना हा मैल फारच आखूड वाटतो, त्यांच्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

मग इंग्रजी मैल ५,२८० फुटांचा कसा झाला? या वरच्या २८० फुटांचा उगम शेतात आहे. ‘फर्लांग’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘नांगराचा तास’ (नांगराने पडलेली सरी) आणि ‘लांब’ या दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झाला असून, नांगरटीतल्या एका तासाची लांबी असा त्याचा मूळ अर्थ. हे अंतर पुढे ६६० फूट असे ठरून गेले. दुसरीकडे रोमन मैलाचे आठ भाग पाडण्याची जुनी पद्धत होती आणि त्या भागासाठी इंग्रजी लेखक ‘फर्लांग’ हाच शब्द वापरत. मात्र आठ फर्लांगांची बेरीज पाच हजार फुटांत बसेना. फर्लांग आखूड करावा, तर त्यावर बेतलेली एकराची मोजणी आणि जमिनीचे सारे व्यवहार विस्कळीत होणार. जमिनीला हात लावण्यापेक्षा मैल लांबवणे सोयीचे होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात १५९३ मध्ये झालेल्या कायद्यात आठ फर्लांगांचा मैल नोंदवला गेला. गंमत अशी की तो कायदा मापांविषयीचा नव्हताच. लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी घरे बांधण्यावर त्यात निर्बंध होते आणि तीन मैल म्हणजे किती हे सांगण्यापुरती मैलाची व्याख्या करावी लागली. आजचा १,६०९.३४४ मीटरचा मैल इंग्रजीभाषक देशांनी १९५९ च्या करारान्वये एकमताने स्वीकारला. १९५४ मध्ये ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले, ते अंतर या मैलाचेच. त्याला ‘दीड किलोमीटर’ म्हणणे म्हणजे त्यांच्या धावेतले शंभराहून अधिक मीटर कापणे होय.

युरोपातील इतर देशांनी हेच नाव घेऊन आपापली मापे चालवली. आयरिश मैल दोन किलोमीटरहून थोडा मोठा होता, प्रशियाचा साडेसात किलोमीटरचा, तर स्वीडन आणि नॉर्वेमध्ये लोक आजही बोलताना ‘मील’ म्हणतात तेव्हा त्यांना सरळ दहा किलोमीटर अभिप्रेत असतात. नाव एक आणि लांबी वेगळी, यातून किती घोटाळा होऊ शकतो याचे ठळक उदाहरण म्हणजे कोलंबस. नवव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ अल्‌-फर्गानी यांनी अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिले होते. ते अरबी मैल होते आणि रोमन मैलापेक्षा बरेच मोठे होते. कोलंबसाने आकडा तोच ठेवला, मैल मात्र इटालियन, म्हणजे रोमन मैलाएवढाच धरला. परिणामी त्याच्या हिशेबातली पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने लहान झाली आणि पश्चिमेकडून आशिया गाठणे त्याला आवाक्यातले वाटू लागले. त्याच्या हिशेबात इतरही चुका होत्या, पण ही त्यातली मोठी.

सागरी मैलाचे गणित या सगळ्यांहून निराळे आहे, कारण तो माणसाच्या पावलावर किंवा नांगराच्या तासावर अवलंबून नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भागाला मिनिट म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर त्या एका मिनिटाचे अंतर म्हणजे सागरी मैल. नकाशावर काम करणारा खलाशी म्हणूनच वेगळी पट्टी शोधत नाही. तो कर्कटकाची दोन टोके दोन ठिकाणांवर टेकवतो, तेवढेच अंतर नकाशाच्या उभ्या कडेवरील अक्षांशांच्या खुणांवर, जहाज असेल त्याच उंचीला नेऊन ठेवतो आणि मिनिटे मोजतो. जितकी मिनिटे तितके मैल. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे हे मिनिट विषुववृत्ताजवळ सुमारे १,८४३ मीटर, तर ध्रुवांजवळ सुमारे १,८६२ मीटर भरते. देशादेशांच्या आकड्यांतला फरक मिटवण्यासाठी मोनाको येथील १९२९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १,८५२ मीटर ही लांबी ठरली, तरी ब्रिटनने आपला ६,०८० फुटांचा मैल १९७० पर्यंत सोडला नाही. जहाजांचा आणि विमानांचा वेग ज्या ‘नॉट’मध्ये सांगतात, तो म्हणजे तासाला एक सागरी मैल.

बोलण्यातल्या मैलाला अर्थात कोणतीच लांबी नसते. इंच दिला तर मैल बळकावतो, या अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे. सोळाव्या शतकात त्या म्हणीत मैलाऐवजी ‘एल’ होता, म्हणजे कापड मोजण्याचे ४५ इंचांचे माप. ते माप वापरातून गेले, त्याच्या जागी मैल आला आणि म्हणीतल्या माणसाची हाव ४५ इंचांवरून ६३,३६० इंचांवर गेली. ‘मायलेज’ या शब्दाचाही प्रवास असाच मजेशीर आहे. मुळात तो प्रवासाबद्दल मैलामागे मिळणाऱ्या भत्त्यासाठी होता. आता आपण तो लिटरमागे किती किलोमीटर हे सांगण्यासाठी वापरतो आणि त्यात मैल औषधालाही उरलेला नाही.

माझी विनंती एवढीच आहे की समुद्र, जहाजे, विमाने आणि चक्रीवादळे यांच्या बातम्यांत ‘सागरी मैल’ हा शब्द पूर्ण लिहावा आणि किलोमीटर काढताना १.८५२ ने गुणावे. वाऱ्याचा वेग १०० नॉट असेल, तर तो ताशी १८५ किलोमीटर होतो, १६१ नव्हे. जुन्या प्रवासवर्णनांच्या अनुवादांत मात्र किलोमीटर करण्याची घाई करू नये. मूळ मैल तसाच ठेवून तो कोणत्या देशाचा आणि कोणत्या काळाचा, हे कंसात द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक