दारावरचं नवं

महोदय,
कोजागरी जवळ आली की शहरात मसाला दुधाची पाकिटं दिसू लागतात. आमच्या संगमेश्वराकडच्या घरी मात्र आश्विन पौर्णिमेला ‘नवं’, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधत. वडील सकाळीच शेतातून हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या लोंब्या आणायचे. त्यांच्यासोबत नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, झेंडू आणि कुरडूचं फूल. सुंभाने जुड्या बांधून पहिली देवाला, मग दाराला, नांगराला, आजीच्या जात्यालाही. मी एकदा सायकललाही बांधली होती. कुणी रागावलं नाही! दुपारी नव्या तांदळाची खीर. तो तांदूळ जरा चिकटच शिजतो, पण वास ओटीवर येई.

ऊन मात्र मरणाचं. कापणीला कंबर धरायची आणि वर आभाळाकडे डोळा. २०१९च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या पावसाने कोकणात कापलेलं भात शेतातच भिजलं, तेव्हा ती धाकधूक पुन्हा आठवली.

आता ठाण्यात राहतो. दसऱ्याच्या बाजारात लोंब्यांचं तोरण दिसलं की भाव न करता घेतो. आठवड्याभरात चिमण्या ते रिकामं करतात.

– एक वाचक, ठाणे